पाणलोटाच्या पायवाटा

जबलपूर शहराच्या पश्चिम अंगास, गढा या जुन्या राजधानीच्या पाठीशी, मदनमहालच्या ज्या काळ्याकरड्या पाषाणटेकड्या पसरलेल्या आहेत, त्यांच्या कुशीत व पायथ्याशी गोंड राजांच्या अमदानीत बांधली गेलेली आणि पुढच्या शतकांच्या हेळसांडीतूनही कशीबशी तगून राहिलेली जी तळी आहेत, त्यांच्या भोवतीने धावण्याजोग्या पायवाटांची पैमाईश करावी, प्रत्येक वाटेचा नकाशा, तिचे चढउतार, तिचे ऋतुमान व तिच्यावरील धोक्याच्या जागा नोंदवाव्यात, आणि हा सर्व मजकूर मराठीत पुस्तकरूपाने प्रसिद्ध करावा, असा संकल्प आमच्याकडील काही तरुण मंडळींनी केला व तो तडीसही नेला. त्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिण्याची कामगिरी मात्र त्यांनी, धावणे तर दूरच, देवळाच्या पायऱ्या चढतानाही कठडा धरणाऱ्या माझ्यासारख्या माणसावर का सोपवावी, याचे मला प्रथम नवल वाटले. कारण विचारता ते म्हणाले, “काका, धावायचं कसं ते आम्ही बघू. तुम्ही पाण्याचं लिहा.”

या उत्तरात त्यांच्या कामाची जी दिशा उघड झाली, तीच मला या पुस्तकातील सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. तळ्याभोवतीची वाट आखू पाहणाऱ्याने पावलांचा हिशेब मांडण्यापूर्वी पाण्याचा हिशेब मांडला पाहिजे. पाऊस कोणत्या उतारावर पडतो, कोणत्या ओहोळाने खाली येतो, कोठे अडतो, सांडव्यावरून कोणीकडे जातो आणि ज्येष्ठ उजाडेपर्यंत त्यातले किती उरते, हे ज्याला ठाऊक नाही त्याने काढलेला नकाशा एका पावसाळ्यापुरताही खरा ठरत नाही. माझे उभे आयुष्य पाटन तहसिलीतील शेतबांधांवर आणि बांधांवरून उद्भवणाऱ्या तंट्यांच्या दप्तरांत गेले असल्यामुळे पाण्याविषयी चार शब्द लिहिण्याचा अधिकार मजकडे थोडाबहुत पोहोचतो, एवढ्याच आधारावर मी हे काम पत्करले आहे.

पाटन म्हणताच महाराष्ट्रातील वाचकाच्या डोळ्यांसमोर कोयनेच्या खोऱ्यातले, सातारा जिल्ह्यातले पाटण उभे राहील. आमचे पाटन ते नव्हे. हे जबलपूरच्या वायव्येस, हिरन नदीच्या मुलुखात, गव्हाच्या व हल्ली वाटाण्याच्या शिवारांनी वेढलेले तहसिलीचे ठिकाण आहे. इकडे मराठी पुस्तक कोण वाचणार, असा प्रश्न ज्यांना पडेल त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की १७८१ साली गढा-मंडल्याचे राज्य सागरच्या मराठी अंमलदारांच्या हाती आले, १७९८ मध्ये पेशव्यांकडून नर्मदेचा हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांकडे गेला, १८१८ पासून इंग्रजी अंमल बसला, आणि १८६१ पासून १९५६ च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत जबलपूर व नागपूर ही दोन्ही शहरे एकाच प्रांतात नांदत होती. कारकुनी, मास्तरकी, वकिली, रेल्वे आणि तोफगाड्यांचा कारखाना यांच्या निमित्ताने आलेली मराठी घराणी येथे तीन-तीन, चार-चार पिढ्या मुरलेली आहेत. त्यांची नातवंडे घरात मराठी व अंगणात बुंदेली बोलतात, आणि या पुस्तकाच्या भाषेतही तो वास अधूनमधून येतो. मला तो रुचला, म्हणून मी तो पुसू दिला नाही.

उंच पर्वतावरील सरोवर म्हटले की सुशिक्षित माणसाच्या मनात लडाख उभे राहते, आणि ते वावगेही नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे सव्वाचार हजार मीटर उंचीवर असलेल्या पँगाँगच्या काठी हवेचा दाब समुद्रकाठच्या दाबाच्या जेमतेम तीनपंचमांश असतो, त्यामुळे तेथे धावणाऱ्याची सर्व कसोटी श्वासावर लागते. २०२३ च्या फेब्रुवारीत तर त्या गोठलेल्या सरोवराच्या पृष्ठावरूनच अर्ध-मॅरेथॉन घेण्यात आली. अमेरिकेतील ताहो सरोवर याच्या निम्म्याहूनही कमी, म्हणजे एकोणीसशे मीटरांच्या आसपास उंचीवर आहे. पण त्याच्याभोवती जी सुमारे २६५ किलोमीटरांची डोंगरवाट २००१ साली पूर्ण वर्तुळात जोडली गेली, तिची आखणी मला अधिक विचारपूर्वक केलेली दिसते. कारण ती वाट बव्हंशी काठाने न जाता सरोवराला पाणी पुरवणाऱ्या डोंगरांच्या माथ्यामाथ्याने जाते, म्हणजे तिच्यावरून फिरणारा माणूस पाणलोटाच्या सीमेवरून फिरत असतो, आणि त्याच्या एका हाताला पडणारा पाऊस सरोवरात, तर दुसऱ्या हाताला पडणारा भलत्याच खोऱ्यात जातो. काठाची वाट आणि कण्याची वाट असे हे दोन प्रकार जगात सर्वत्र आढळतात. प्रस्तुत पुस्तकाच्या कर्त्यांनीही तोच भेद स्वीकारला असून प्रत्येक तळ्यास शक्य तेथे दोन्ही वाटा दिल्या आहेत.

महाराष्ट्रात याच्या जवळचे उदाहरण म्हणजे साताऱ्याचे कास. सह्याद्रीच्या माथ्यावरील त्या तलावाचे पाणी निव्वळ उताराच्या बळावर साताऱ्यास आणण्याची व्यवस्था इंग्रजी अमदानीतली आहे. आज त्या बाजूचा यवतेश्वरचा घाट धावणाऱ्यांच्या परिचयाचा झाला आहे तो २०१२ पासून भरणाऱ्या सातारा हिल मॅरेथॉनमुळे. २०१५ साली तिच्यात धावलेल्या २,६१८ जणांची नोंद गिनीजच्या विक्रमांतही झाली. पण तो घाट डांबरी आहे, आणि एका परीने ते बरेच आहे. कासच्या सड्यावर जांभ्या दगडावरचा मातीचा थर इतका पातळ असतो, आणि त्या थरावर गेंद, सीतेची आसवे, तेरडा यांचे श्रावण-भाद्रपदातले जीवन इतके अल्प व नाजूक असते, की शे-दोनशे माणसे त्यावरून धावत गेली तर पुढल्या वर्षीचे बी तेथेच चिरडले जावे. २०१२ पासून ते पठार जागतिक वारशाच्या यादीत आहे. जेथे धावू नये अशी सुंदर स्थळे जगात असतात, आणि वाटांचे पुस्तक लिहिणाऱ्याला ती वगळण्याचे धैर्य असावे लागते.

मदनमहालच्या टेकड्या त्या मानाने दणकट आहेत. त्यांची उंची सांगून कोणास दिपवावे असे त्यांत काही नाही. जबलपूर शहरच मुळी समुद्रसपाटीपासून चारशे मीटरांवर आहे, आणि या टेकड्या त्यावर थोड्याशाच उचललेल्या आहेत. पण त्यांचा दगड ग्रॅनाइटाचा, अतिप्राचीन. भूगर्भात थिजलेल्या या पाषाणाला उभ्याआडव्या भेगा पडल्या, त्या भेगांतून पाणी झिरपले, पाण्याने प्रत्येक ठोकळ्याचे कोपरे आधी कुजवले, मग कडा कुजवल्या, आणि वरची माती वाहून गेल्यावर आतले न कुजलेले गोल गाभे एकमेकांवर जसेच्या तसे बसून राहिले. ज्या तोललेल्या शिळेपुढे उभे राहून प्रवासी छायाचित्रे काढतात आणि जी २२ मे १९९७ च्या पहाटेच्या भूकंपातही ढळली नाही म्हणून जबलपूरकर अभिमानाने सांगतात, ती याच क्रियेची निष्पत्ती होय. मदनमहालाची ती चिमुकली गढी अशाच एका प्रचंड शिळेच्या पाठीवर बांधलेली आहे. हा दगड पाणी पीत नाही. भेगांत मुरेल तेवढे सोडून बाकी सारे तो क्षणार्धात अंगावरून झटकून टाकतो. आणि गोंड राजांच्या कारागिरांनी नेमके हेच ओळखले होते. ज्या टेकडीवर पडलेला पाऊस टिकत नाही, तिच्या पायथ्याशी आडवा बांध घातला तर थोड्याशा पाणलोटावरही मोठे तळे भरते, हे ज्ञान त्यांच्या ग्रंथांत नसेल, पण संग्रामसागरात आहे.

हा संग्रामसागर गढ्याचा राजा संग्रामशाह याच्या नावाचा आहे. मूळचा अमनदास, बावन गढांचा धनी म्हणून ख्यात झालेला हा राजा पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून सोळाव्याच्या पूर्वार्धापर्यंत गादीवर होता. दलपतशाह हा त्याचा पुत्र व चंदेलांची कन्या दुर्गावती ही त्याची सून. तळ्याच्या काठी बाजनामठाचे भैरवस्थान आहे, आणि पाण्यात आमखास नावाच्या वास्तूचे भग्नावशेष उभे आहेत. मोगल सरदार आसफखानाशी लढताना २४ जून १५६४ रोजी दुर्गावतीने देह ठेवला, हा इतिहास इकडच्या लहान पोरालाही पाठ आहे. पण तिच्या राज्याने मागे काय ठेवले असे विचारले तर मी प्रथम तळ्यांकडे बोट दाखवीन. राणीने राणीताल बांधला, तिच्या दासीने चेरीताल, दिवाण आधारसिंहाने आधारताल, अशी परंपरा आहे. बावन तळ्यांचे शहर असा या शहराचा लौकिक होता. आज त्यांतल्या कित्येकांची केवळ नावे उरली आहेत: चेरीताल हा मोहल्ला झाला, भँवरताल हा बगीचा झाला, आणि राणीतालच्या बऱ्याच भागावर क्रीडासंकुल उभे राहिले. म्हणजे शहरातील तरुण बुजवलेल्या तळ्यावर धावण्याचा सराव करतात व जिवंत तळे पाहण्यासाठी टेकड्यांकडे धाव घेतात. या विपर्यासावर पुस्तकाच्या कर्त्यांनी एक शब्दही लिहिलेला नाही; तो त्यांचा संयम. माझ्या वयाला तो साधत नाही.

आमच्या नागपूरकडच्या वाचकांना हा प्रकार अपरिचित वाटू नये. भंडारा, गोंदिया, चांदा या मुलुखांतले माजी मालगुजारी तलाव, ज्यांना लोक आता लाडाने मामा तलाव म्हणतात, तेही गोंड राजवटीतच, बहुतांशी कोहळी समाजाच्या हातून, निर्माण झाले. डोंगरांच्या कोंदणात बसलेल्या नवेगावबांधभोवती फिरताना आणि संग्रामसागराच्या काठाने फिरताना दोन्हीकडे एकच कसब दिसते: निसर्गाने तीन बाजू दिल्या की चौथी आपण घालावी.

आता पाटनकडे वळतो, कारण या पुस्तकातील शेवटच्या वाटा टेकड्या सोडून आमच्या शिवारात उतरतात. जबलपूर जिल्ह्याच्या या सुपीक पट्ट्याला हवेली म्हणतात, आणि हवेलीची शेती ही जगातल्या चतुर शेतीप्रकारांत गणली जावी असे माझे मत आहे. आमची जमीन भारी काळी. पावसाळ्यात तिच्यात पाय घालवत नाही आणि नांगर तर मुळीच चालत नाही. म्हणून पूर्वजांनी प्रत्येक वावराला माणसाच्या कमरेएवढा वा त्याहून उंच बांध घातला, त्यात पावसाचे पाणी आषाढापासून कोंडून ठेवले, आणि आश्विनात ते खालच्या वावरात, तेथून त्याच्या खालच्यात, असे क्रमाक्रमाने सोडून दिले. तोवर तण पाण्याखाली कुजून त्याचे खत झालेले असते, भेगाळणारी माती तळापर्यंत ओल पिऊन बसलेली असते, आणि त्या ओलीवर गहू-हरभऱ्याचे पीक एकही पाणी न देता हाती येते. पाणी कोणी केव्हा सोडायचे याचा शिरस्ता गावोगाव ठरलेला असे. वरच्याने घाई केली तर खालच्याचा बांध फुटे, खालच्याने अडवले तर वरच्याची पेरणी खोळंबे, आणि मग प्रकरण पटवाऱ्याकडून तहसिलीत येई. माझ्या नोकरीत अशा कैफियती मी पोत्यांनी वाचल्या आहेत. बांध कोणाच्या मालकीचा, यापेक्षा त्यावरची पायवाट कोणाच्या वहिवाटीची, या प्रश्नावर माणसे अधिक कडाडून भांडतात, असे माझ्या अनुभवास आले.

कूपनलिका आल्या, सोयाबीन आले, मग भात व वाटाणा आला. कोंडलेल्या पाण्याची गरज सरली, आणि बांध पुष्कळ ठिकाणी ट्रॅक्टरास वाट देण्यासाठी कापले गेले. जे उरले आहेत त्यांच्यावरून धावण्याची कल्पना या तरुणांची. भाद्रपदात दोन्ही हातांना आरशासारखे पाणी आणि मध्ये हातभर रुंदीची, दोन्ही बाजूंनी निसरडी झालेली काळी माती, अशा ठिकाणी धावणे हे डोंगरावर धावण्याहून सोपे आहे असे ज्यांना वाटते त्यांनी एकवार प्रयत्न करून पाहावा. पुस्तकात या वाटांना ‘कठीण’ असा शेरा दिलेला आहे व तो यथार्थ आहे. मात्र ज्या वावरांतून वाट जाते त्या कास्तकारांची परवानगी घेतल्याखेरीज एकही वाट छापू नये, असा हट्ट मी धरला, आणि तीन वाटा त्यापायी गळाल्या. त्याबद्दल काहीजण मजवर नाराज आहेत.

काठाच्या वाटांचे अंतर देताना कर्त्यांनी जी सावधगिरी दाखवली तिचा विशेष उल्लेख केला पाहिजे. तळ्याची एक बाजू माणसाने घातलेल्या बांधाची असते, ती सरळ व वर्षभर तशीच राहते. परंतु उरलेली बाजू, जिकडून ओहोळ येतात ती, दातेरी असते, आणि पाणी चढले की प्रत्येक ओहोळाच्या तोंडात ते आत शिरते, त्यामुळे वाटेला तितकाच वळसा पडतो. भाद्रपदात तुडुंब भरलेल्या तळ्याला फेरी घालावी तर अंतर वाढते, चढउतारही वाढतात. वैशाखात तेच तळे आटून मध्ये गोळा होते तेव्हा कोरड्या गाळावरून फेरी किती तरी आखूड होते. अंतर एकच छापले तर ते वर्षातून एखाद्याच पंधरवड्यात खरे. म्हणून प्रत्येक काठवाटेला येथे दोन आकडे आहेत, एक भरल्या तळ्याचा व एक आटल्या तळ्याचा. आणि मनगटावरच्या घड्याळावर विसंबणाऱ्या पाहुण्याने पुस्तकाशी भांडण्यापूर्वी पंचांग पाहावे. वैशाखाचा आकडा मात्र केवळ माहितीसाठी आहे. बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या उन्हात, नवतप्याच्या दिवसांत, ग्रॅनाइटावर धावणे हा पराक्रम नसून वेडेपणा आहे. लडाखात जी कसोटी उंचीने लागते ती येथे उष्म्याने लागते, आणि उष्म्यात फसलेल्या माणसाला खाली उतरवून आणण्याइतका वेळही मिळत नाही.

वाटांच्या दिशेविषयी मंडळींत बराच खल झाला. नर्मदेच्या काठच्या माणसाला पाणी उजव्या हाताला ठेवून फिरण्याची सवय रक्तातच असते. परिक्रमावासी नदी उजवीकडे ठेवतो आणि ती ओलांडत नाही. आमच्या जबलपूरचे अमृतलाल वेगड यांनी १९७७ पासून खंडाखंडांनी नर्मदाकाठ पायी पालथा घातला आणि त्यावर हिंदी-गुजरातीत लिहिले; गो. नी. दांडेकरांमुळे मराठी घरांत परिक्रमेचे वेड पोहोचले. तेव्हा सर्व वाटा प्रदक्षिणेच्या दिशेनेच द्याव्यात, असा एक पक्ष होता. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की ज्या बाजूला उघडी शिळा आहे तिकडून चढावे आणि ज्या बाजूला माती आहे तिकडून उतरावे, मग पाणी कोणत्या का हाताला येईना. अखेर दुसरा पक्ष जिंकला. धर्मनिष्ठ वाचकाने उलटी वाट सरळ करून धावावी. पण उतारावर काय होते ते पुढच्या परिच्छेदात वाचून मगच.

ग्रॅनाइट झिजताना त्यातले नरम खनिज मातीत मिसळते आणि गारेचे टणक कण सुटे होऊन शिळेवरच पडून राहतात. वरून पाहता ती शिळा कोरडी, खरबरीत व विश्वासू वाटते. पण त्या रेवेवर टाच टेकवली की कण बुटाखाली गडगडतात आणि माणूस बसता होतो. अशा उतारावर टाच आधी न टेकवता सबंध तळवा एकदम ठेवावा, पाऊल आखूड टाकावे, अंग मागे न रेलता पायावर ठेवावे, आणि नजर दोन पावलांपुढे असावी. पावसाळ्यात धोका जागा बदलतो. रेव वाहून जाते, पण जेथून पाणी पाझरत असते तेथे शिळेवर एक काळपट पट्टा उमटतो. तो शेवाळाचा असतो, व त्यावर कोणताही बूट धरत नाही. या पट्ट्यांच्या जागा दरवर्षी त्याच असतात, कारण पाणी आपली वाट सहसा बदलत नाही, म्हणून त्या नकाशात दाखवता आल्या. डोंगरवाटांवरील धावण्याच्या शास्त्रावर इंग्रजीत ढीगभर पुस्तके आहेत. पण मदनमहालच्या शिळेवरचा काळा पट्टा कोणत्या वळणावर आहे हे त्यांतल्या एकातही नाही.

या प्रदेशात रानवाटांनी धावणे हा छंद नवा असला तरी धंदा म्हणून तो जुना आहे. मराठी अमदानीत काशीद आणि जासूद कागद घेऊन पळत. पुढे इंग्रजी डाकेचे हरकारे, हातात घुंगरू बांधलेला भाला घेऊन, टप्प्याटप्प्याने थैल्या पोहोचवीत. मिर्झापूरहून जबलपूरमार्गे नागपूरकडे जाणारा रस्ता त्या काळी दख्खनचा महामार्ग होता, आणि ठगांच्या भीतीने तितकाच कुप्रसिद्ध. १८६७ साली अलाहाबादेकडून रेल्वे जबलपुरास आली, १८७० च्या मार्चमध्ये मुंबईचा मार्गही येथेच जोडला गेला, आणि मोठ्या रस्त्यावरच्या हरकाऱ्याचे महत्त्व ओसरले. त्याला पदके मिळाली नाहीत. उशीर झाला तर दंड होई.

वाटेवर ज्यांचा हक्क आधीचा आहे त्यांच्याविषयी. इकडच्या तळ्यांत शिंगाड्याची लागवड होते. बर्मन-ढीमर मंडळी आषाढ-श्रावणात वेल सोडतात आणि आश्विन-कार्तिकापासून शिंगाडे काढतात. एकादशीला महाराष्ट्रात ज्या पिठाची थालीपिठे होतात त्याच्या मुळाशी छातीभर गार पाण्यात उभे राहून केलेली ही मेहनत असते. काढणीच्या दिवसांत काठाची वाट त्यांच्या टोपल्यांनी व ढिगांनी अडलेली असेल तर धावणाऱ्याने थांबून वळसा घालावा. बिबट्याची गोष्ट वेगळी. नयागाव आणि ठाकूरतालकडच्या टेकड्यांत तो अलीकडे वारंवार दिसला आहे, म्हणून त्या भागातील वाट पहाटेच्या अंधारात व दिवेलागणीनंतर वर्ज्य मानावी. टेकड्यांवरील वस्त्यांचा प्रश्नही टाळता येत नाही. उच्च न्यायालयाच्या हुकुमावरून मदनमहालची अतिक्रमणे हटवली गेली, हजारो माणसे तेथून उठली, आणि मोकळ्या झालेल्या उतारांवर झाडे लावण्यात आली. पाणलोट वाचला याचा मला आनंद आहे. पण ज्या सपाट जागेवर आज धावणारा दम खायला थांबतो तेथे काल कोणाची तरी चूल होती, हे लिहून ठेवल्याशिवाय पुस्तक पुढे नेऊ नये असे मी सांगितले, व ते त्यांनी मान्य केले.

माझा एक मतभेद नोंदवतो. डुमना येथील खंदारी जलाशय, जो १८८३ साली शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी बांधला गेला, त्याच्या परिसराला पुस्तकात जेमतेम दोन पाने मिळाली आहेत. कर्त्यांचे म्हणणे असे की तो वनविहार असल्याने तेथे वेळेची बंधने आहेत, आत चितळांचे कळप आहेत, पाण्यात मगरी आहेत, आणि काठाने धावणे त्यामुळे संभवत नाही. हे सर्व खरे आहे. तथापि नळाचे पाणी पिणाऱ्या शहराची पहिली मोठी व्यवस्था ज्या दगडी बांधाने केली तो बांध, दुरून का होईना, अधिक तपशिलाने दाखवायला हवा होता. दुसऱ्या आवृत्तीत ही उणीव भरून काढण्याचे त्यांनी कबूल केले आहे.

प्रथमच येणाऱ्या वाचकाने कार्तिकात यावे. त्या वेळी शेवाळ सुकू लागलेले असते, रेव अजून फारशी साचलेली नसते, तळी भरलेली असतात आणि सकाळची हवा धावण्याजोगी असते. बाजनामठापासून सुरू होणारी काठाची वाट आधी करावी, कण्याची मागाहून. हवेलीच्या बांधांकडे वळण्यापूर्वी गावात चौकशी करावी, कारण कोणत्या वावरातले पाणी सुटले व कोणते अजून कोंडलेले आहे हे नकाशा सांगू शकत नाही. सोबत पेन्सिल असावी. गेल्या दोन पावसाळ्यांत एका तळ्याचा सांडवा एका अंगाने खचला आहे आणि तेथली वाट पुस्तक छापखान्यात असतानाच बदलावी लागली; असा फरक जेथे जेथे आढळेल तेथे तो तारखेसह टिपून कर्त्यांकडे पाठवावा.

पाटन, जिल्हा जबलपूर